टू-फ्लोएबल किती आहेत ते नको, कुठे आहेत ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. गोरेगावच्या एका ब्रोकिंग कंपनीत बाजारभाव पुरवणारी सर्व्हिस आहे, आरएक्स जावा ३ वर (सतत येणाऱ्या डेटाचे प्रवाह हाताळणारी जावाची लायब्ररी). एक्स्चेंजचे टिक, म्हणजे भावाची एकेक ताजी नोंद, फ्लोएबलमधून येतात; फ्लोएबल म्हणजे खालच्याने मागितलं तेवढंच देणारा प्रवाह. प्रत्येक टिकसाठी फ्लॅटमॅपमध्ये (हा प्रत्येक गोष्टीमागे एक आतला प्रवाह चालवून सगळे एकत्र करतो) कॅशला विचारलं जातं. कॅश मेबी देते, म्हणजे एक उत्तर किंवा काहीच नाही; म्हणून त्याचं फ्लोएबल करणारं टू-फ्लोएबल लावलंय. पुढे एकेका सेकंदाच्या विंडोत टिक मोजले जातात, याद्या बनतात. मध्येच एका जुन्या मॉड्यूलसाठी सगळा प्रवाह ऑब्झर्व्हेबल (मागणीचा हिशोब न ठेवणारा प्रवाह) होतो आणि परत फ्लोएबल होतो. रिव्ह्यू करणाऱ्या सीनियरने अशी अकरा रूपांतरं मोजली आणि लिहिलं, 'ही महाग असतात, सगळी काढा.' प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी मात्र ऐकलंय की लायब्ररी ही रूपांतरं आतल्या आत जोडून टाकते. खरं काय, आणि कंपनीचे स्वतःचे दोन-तीन ऑपरेटर (प्रवाहावर एकेक काम करणारे तुकडे) आहेत त्यांनाही हा फायदा मिळवून देता येईल का, असं त्यांना विचारायचंय.

निकाल आधी सांगतो. अकरापैकी आठ रूपांतरं आहेत तिथे राहू द्या. फ्लॅटमॅपच्या आतलं एक काढा, कारण ते दर टिकला घडतं. आणि ऑब्झर्व्हेबलची ती जाऊन-येऊन फेरी, म्हणजे दोन रूपांतरं, तीही काढा; पण वेगासाठी नाही, त्यात डेटा चुकण्याची किंवा मेमरी फुगण्याची सोय करून ठेवलेली आहे म्हणून. स्वतःच्या ऑपरेटरना हात लावू नका.

आता कारणं. आरएक्स जावाची १.० आवृत्ती २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आली तेव्हा काउंट (मोजणी), रिड्यूस (सगळ्यांतून एक उत्तर), टू-लिस्ट (यादी) हे सगळे ऑब्झर्व्हेबलच परत देत. मोजणीचं उत्तर एकच असतं हे टाइपवरून कळायचं नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी आवृत्ती आली आणि हे बदललं. काउंट आणि टू-लिस्ट सिंगल (नेमकं एक उत्तर) देऊ लागले, सुरुवातीची किंमत न दिलेला रिड्यूस मेबी देऊ लागला, इग्नोर-एलिमेंट्स कम्प्लीटेबल (उत्तर नाही, फक्त संपल्याची खबर). टाइप खरं बोलू लागले ही चांगलीच गोष्ट झाली, पण ज्याला पुढेही फ्लोएबलमध्येच राहायचंय त्याच्या गळ्यात एक टू-फ्लोएबल आलं. पूर्वी जे काम एका ऑपरेटरमध्ये व्हायचं त्याला आता दोन लागणार, हे लायब्ररी लिहिणाऱ्यांना दिसत होतंच. म्हणून त्यांनी आत एक छोटा इंटरफेस ठेवला: फ्यूज-टू-फ्लोएबल. त्याचे भाऊ फ्यूज-टू-ऑब्झर्व्हेबल आणि फ्यूज-टू-मेबी.

काउंट आणि त्याला चिकटून टू-फ्लोएबल, एवढंच उदाहरण घेऊ. फ्लोएबलवर काउंट लावलं की फ्लोएबल-काउंट-सिंगल नावाचा ऑब्जेक्ट तयार होतो. हा इंटरफेस नसता तर टू-फ्लोएबल त्याच्याभोवती सिंगल-टू-फ्लोएबल गुंडाळणार, आणि सबस्क्राइब झाल्यावर, म्हणजे कोणी प्रवाह ऐकायला लागल्यावर, दोन ऑब्जेक्ट उभे राहणार. पहिला आकडा वाढवत बसणारा. दुसरा उत्तर हातात धरून बसणारा. कारण फ्लोएबलच्या जगात खालच्याने मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, मग उत्तर आधी आलं की मागणी आधी आली याचा हिशोब अ‍ॅटॉमिक स्थितीने ठेवावा लागतो. कॅन्सल झालं तर तेही एकाकडून दुसऱ्याकडे पोचवायचं.

इंटरफेस असल्यामुळे काय होतं? टू-फ्लोएबल मेथडच्या पहिल्याच ओळीत विचारलं जातं, 'हा ऑब्जेक्ट फ्यूज-टू-फ्लोएबल आहे का?' असेल तर त्यालाच सांगितलं जातं की तुझं फ्लोएबल रूप दे. तो मूळ स्रोतावर थेट फ्लोएबल-काउंट बांधून देतो आणि स्वतः बाजूला होतो. आता सबस्क्राइब झाल्यावर एकच ऑब्जेक्ट: मोजणाराही तोच, उत्तर धरून ठेवणाराही तोच. ही अदलाबदल चेन बांधताना होते, डेटा वाहताना नाही. म्हणून तिचा खर्च धरायचं कारण नाही. ऑल, एनी, कलेक्ट, रिड्यूस, टू-लिस्ट, इग्नोर-एलिमेंट्स यांच्याही अशाच जोड्या लायब्ररीत आहेत. तुमच्या विंडोतली काउंट आणि टू-लिस्टची रूपांतरं याच गटातली. शिवाय ती सेकंदाला एकदा घडतात. ती नसती जोडली गेली तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं.

हे जोडणं तुटतं कधी, ते माहीत असावं.

मध्ये काहीही आलं की तुटतं. काउंट, मग मॅप (किंमतीवर आपलं फंक्शन चालवणारा), मग टू-फ्लोएबल असं लिहिलं तर टू-फ्लोएबलला समोर मॅपचा सिंगल दिसतो, काउंटचा दिसतच नाही. डू-ऑन-सक्सेसमध्ये लॉग टाकला तरी तेच. उपाय साधा आहे: टू-फ्लोएबल डावीकडे सरकवून काउंटला चिकटवा, मॅप त्यानंतर लावा. अर्थ तोच राहतो.

घराणं बदललं तरी तुटतं. फ्लोएबलच्या काउंटला टू-ऑब्झर्व्हेबल लावलं तर जोडणी होत नाही, कारण फ्लोएबलवरचा काउंट-सिंगल फक्त फ्लोएबलकडे परतायला शिकलेला आहे. ऑब्झर्व्हेबलवरचा ऑब्झर्व्हेबलकडे.

तिसरं कारण लोकांना हटकून चकवतं. असेंब्ली हुक. काही टीम डीबगिंगसाठी प्लगइनमध्ये हुक लावतात, जो प्रत्येक ऑपरेटर कुठल्या ओळीवर बांधला गेला ते नोंदवण्यासाठी त्याच्याभोवती आपलं वेष्टण घालतो. मग टू-फ्लोएबलला वेष्टण दिसतं, आतला ऑब्जेक्ट दिसत नाही. असा हुक चालू असताना प्रोफाइल काढून 'लायब्ररी काहीच जोडत नाही' असा निष्कर्ष काढणारे मी बघितलेत. प्रोफाइल काढण्याआधी हुक बंद आहे ना, हे बघून घ्या.

आता फ्लॅटमॅपच्या आतलं ते एक. खरा मुद्दा इथे आहे, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

तुमच्याकडे असं आहे: टिक आला, कॅशला विचारलं, मेबी मिळाला, त्याला टू-फ्लोएबल, आणि तो फ्लॅटमॅपच्या हवाली. दर टिकला मेबी-टू-फ्लोएबल हा ऑब्जेक्ट, सबस्क्राइब झाल्यावर त्याचा आतला ऑब्झर्व्हर, आणि फ्लॅटमॅपचा स्वतःचा आतला सबस्क्रायबर. फ्लॅटमॅपला कल्पना नसते की या आतल्या प्रवाहातून एकच गोष्ट येणार आहे. तो तयारी करतो १२८ ची, कारण लायब्ररीचा ठरलेला बफर तेवढा आहे. खालच्याकडून मागणी नसेल, किंवा दुसरा थ्रेड त्याच वेळी माल बाहेर काढत असेल, तर आलेली किंमत ठेवायला १२८ खणांची रांग बनवली जाते. दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) पॉइंटरवर म्हणजे ६४ बिटच्या नेहमीच्या जेव्हीएमवर (जावा चालवणारी यंत्रणा) खणाला ४ बाइट धरा. नुसता अ‍ॅरेच अर्ध्या किलोबाइटच्या वर जातो. ठेवायची असते एक किंमत.

पण इथेही लायब्ररीने एक वाट काढलेली आहे. मेबीच्या टू-फ्लोएबलमधून जो सबस्क्रिप्शन मिळतो तो स्वतःच एका खणाची रांग म्हणून वागू शकतो. फ्लॅटमॅप सबस्क्राइब करताना विचारतो, 'तुला रांग म्हणून वापरू का?' तो असिंक पद्धतीने हो म्हणतो, आणि १२८ ची रांग बनतच नाही. म्हणजे टू-फ्लोएबल अगदी शेवटी, फ्लॅटमॅपला चिकटून असेल तर तुम्हाला दोन-तीन छोटे ऑब्जेक्टच पडतात.

तुमच्या कोडमध्ये तसं नाही. टू-फ्लोएबलच्या पुढे तुम्ही मॅप लावलाय आणि त्यापुढे ऑन-एरर-रिझ्युम-नेक्स्ट (एरर आली तर दुसऱ्या प्रवाहावर जाणारा). ऑन-एरर-रिझ्युम-नेक्स्ट रांगेची बोलणी पुढे नेतच नाही, त्यामुळे तिथेच संपलं. आणि नुसता मॅप असता तरी संपलं असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. मॅप एरवी रांग-जोडणीत सहभागी होतो, पण फ्लॅटमॅप विचारताना सोबत एक अट घालतो, बाउंड्री नावाची. रांगेतून किंमत दुसराच थ्रेड उचलू शकतो. मॅप मध्ये असेल तर त्यातलं तुमचं फंक्शन त्या दुसऱ्या थ्रेडवर चालेल. हिशोब एका थ्रेडवर करायचा म्हणून तुम्ही जो सबस्क्राइब-ऑन लावलाय त्यावर पाणी. म्हणून बाउंड्री आली की मॅप नकार देतो, आणि ते बरोबरच आहे.

गंमत बघा. काउंटच्या बाबतीत मी म्हटलं टू-फ्लोएबल डावीकडे सरकवा, इथे सांगतोय उजवीकडे सरकवा. मॅप आणि एरर हाताळणी मेबीवरच करा आणि टू-फ्लोएबल सगळ्यात शेवटी ठेवा. नियम पाठ करून भागत नाही ते यामुळेच. कोणाला कोणाशी जोडायचंय ते बघावं लागतं: तिथे काउंटला टू-फ्लोएबलशी जोडायचं होतं, इथे टू-फ्लोएबलला फ्लॅटमॅपशी.

अर्थात याहून चांगला मार्ग म्हणजे तिथे रूपांतरच नको. फ्लॅटमॅप-मेबी वापरा. त्याला ठाऊक असतं की आतून फार तर एक येणार. आतल्या प्रत्येकाला वेगळी रांग तो देत नाही; गरज पडलीच तर सगळ्यांची मिळून एक. फुकट तोही नाही. चालू असलेल्या सगळ्यांची नोंद तो एका संचात ठेवतो आणि त्या संचाला कुलूप लागतं. तरीपण टू-फ्लोएबलचा कचरा गेला, आणि कोड वाचायलाही बरा.

आणि आता ती गोष्ट, जी न बघता लोक ही अदलाबदल करतात आणि मग आठवडाभर शोधत बसतात. फ्लोएबलचा साधा फ्लॅटमॅप, तुम्ही काही सांगितलं नाही तर, एका वेळी १२८ आतले प्रवाह चालू ठेवतो. फ्लॅटमॅप-मेबी आणि फ्लॅटमॅप-सिंगल यांची ठरलेली मर्यादा इंटिजरची सगळ्यात मोठी किंमत आहे. म्हणजे मर्यादाच नाही. वरच्या स्रोताकडे तो 'येईल तेवढं दे' अशी मागणी टाकतो. तुमची कॅश चुकल्यावर डेटाबेसकडे जात असेल तर आजवर एका वेळी जास्तीत जास्त १२८ चौकश्या जायच्या, उद्या सकाळी हजारो जातील. रिव्ह्यूत हा बदल निरुपद्रवी दिसतो, एक मेथड बदलली आणि एक काढली. तेव्हा फ्लॅटमॅप-मेबीचं तीन आर्ग्युमेंटवालं रूप घ्या आणि मर्यादा हाताने लिहा. १२८ च लिहा असं नाही. कनेक्शन पूल (डेटाबेसची एका वेळी वापरता येणारी कनेक्शनं) केवढा आहे त्यावरून ठरवा.

क्रमाचाही विचार करा. फ्लॅटमॅप कुळातला कोणीही क्रम राखत नाही. एकाच शेअरचे दोन टिक, पहिला डेटाबेसला गेला आणि दुसरा कॅशमध्ये सापडला, तर जुना भाव नव्यानंतर पडद्यावर जाईल. हे तुमच्याकडे आजही घडू शकतं, रूपांतराशी त्याचा संबंध नाही. कॉन्कॅटमॅप-मेबी क्रम राखतो, पण एकेक करून चालतो. त्यापेक्षा टिकवरच्या अनुक्रमांकावरून जुना टिक फेकून देणं मला जास्त पटतं.

एक पायरी अजून. तुमची कॅश जर खरोखर मेमरीतला साधा तक्ताच असेल, आणि सकाळी बाजार उघडण्याआधी पूर्ण भरलेली असेल, तर तिने मेबी द्यायचं कारण काय? शेअरचं नाव, लॉट साइज, टिक साइज या गोष्टी दिवसभरात बदलत नाहीत. सरळ ऑप्शनल (जावातला 'किंमत आहे किंवा नाही' सांगणारा टाइप) द्या आणि आरएक्स जावा ३ मध्ये आलेला मॅप-ऑप्शनल वापरा. आतला प्रवाह नाही, रांग नाही, मर्यादेचा प्रश्न नाही, क्रम आपोआप राहतो. दुसरीकडे, मेबी-जस्टला (तयार किंमत असलेला मेबी) टू-फ्लोएबल लावून फ्लॅटमॅपला दिलं तर 'ही किंमत तयारच आहे' हे त्याला ओळखता येत नाही. फ्लोएबल-जस्ट तो ओळखतो आणि आतला सबस्क्रायबर न बनवताच पुढे ढकलतो. मेबी-जस्टवर टू-फ्लोएबल चढवलं की ती ओळख पुसली जाते. म्हणजे तुमच्या कॅशमध्ये किंमत सापडली तरीही दर टिकला पूर्ण सोहळा होतोय.

ती फेरी. फ्लोएबल, मग टू-ऑब्झर्व्हेबल, जुनं मॉड्यूल, मग टू-फ्लोएबल. लायब्ररी हे जोडून टाकेल ही अपेक्षा ठेवू नका. मध्ये काहीच नसलं तरी ती मूळ फ्लोएबल परत देणार नाही, आणि देऊही नये. टू-ऑब्झर्व्हेबलने वर अमर्याद मागणी टाकलेली असते, बॅकप्रेशर, म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला आवरायची सोय, तिथेच संपलेलं असतं. परत येताना तुम्हाला बॅकप्रेशरची पद्धत निवडावी लागते आणि तुमच्या कोडमध्ये बफर निवडलंय. हा बफर १२८ चा नाही. त्याला वरची मर्यादाच नाही. दुपारी दीड वाजता सगळं शांत असतं तेव्हा काही कळत नाही. सकाळी ९:१५ ला बाजार उघडतो तेव्हा भाव पडद्याकडे पाठवणारा वेबसॉकेटचा थर मागे पडला की हीप (जावाची मेमरी) वाढत जाते, गार्बेज कलेक्टर धावायला लागतो, त्यामुळे थर अजून मागे पडतो.

यावर 'मग लेटेस्ट निवडा, आपल्याला शेवटचा भावच तर हवाय' असा सल्ला कोणीतरी देईलच. थांबा. लेटेस्ट संपूर्ण प्रवाहातली शेवटची एक गोष्ट ठेवतो, प्रत्येक शेअरची नाही. तुमच्या प्रवाहात सगळे शेअर एकत्र आहेत. थर मागे पडला आणि त्या वेळात रिलायन्सचा टिक, मग इन्फोसिसचा टिक आला तर रिलायन्सचा गेला. जास्त उलाढालीच्या शेअरला लगेच पुढचा टिक येतो म्हणून झाकलं जातं. एखाद्या स्मॉलकॅपचा भाव पडद्यावर तासभर जुनाच राहू शकतो. ग्राहकाचा फोन येतो तो अशा शेअरवरून.

मग ग्रुप-बाय लावून प्रत्येक शेअरचा वेगळा प्रवाह करायचा आणि त्याला लेटेस्ट लावायचं, हे सुचतं. करता येतं. पण ग्रुप-बायच्या पुढे फ्लॅटमॅप येतो आणि तो पुन्हा १२८ वाला. निफ्टी ५० च्या शेअरवर टेस्ट हिरवी येते. निफ्टी ५०० वर चालवा. आरएक्स जावा २ असेल तर सगळं गप्प अडकून बसतं, ३ मध्ये मिसिंग-बॅकप्रेशर-एक्सेप्शन येतो. तिसऱ्या आवृत्तीतला हा बदल मला फार आवडतो, अडकून बसण्यापेक्षा ओरडलेलं परवडतं. फ्लॅटमॅपची मर्यादा शेअरच्या संख्येपेक्षा मोठी लिहा म्हणजे सुटतं. मी स्वतः तुमच्या जागी असतो तर ग्रुप-बाय टाळून, शेअरच्या चिन्हावर शेवटचा टिक ठेवणारा एक कॉन्करंट हॅशमॅप आणि दर २०० मिलीसेकंदांनी त्यातले बदललेले भाव बाहेर पाठवणारा इंटरव्हल, एवढ्यावर भागवलं असतं. माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं. अल्गो चालवणाऱ्या ग्राहकांसाठी वेगळी वाट करा, त्यांना हा प्रवाह देऊच नका.

जुनं मॉड्यूल ऑब्झर्व्हेबलच घेणार असेल, ते बदलता येणार नसेल, तर त्याला बाजूची फांदी करून द्या. मुख्य प्रवाह त्यातून जाऊ देऊ नका. मूळ फ्लोएबल शेअर करून एक फांदी ऑब्झर्व्हेबल होऊन तिकडे जाऊ दे आणि दुसरी फ्लोएबल म्हणूनच पुढे. पब्लिश आणि रेफ-काउंट (एकच प्रवाह अनेकांना वाटणारी जोडी) वापरणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की पब्लिश सगळ्यात हळू सबस्क्रायबरच्या गतीने चालतो. ऑब्झर्व्हेबलची फांदी अमर्याद मागते, म्हणून ती कोणाला अडवत नाही. अडवेल ती दुसरी.

स्वतःच्या ऑपरेटरबद्दल. फ्यूज-टू-फ्लोएबल हा इंटरफेस इंटरनल पॅकेजमध्ये आहे. दुसऱ्या आवृत्तीतून तिसरीत जाताना त्या पॅकेजचं नाव बदललं आणि ज्यांनी त्यावर कोड बांधला होता त्यांना तो हलवावा लागला; पुढेही बदलणार नाही असं वचन कोणी दिलेलं नाही. बरं, नुसता इंटरफेस लावून होत नाही. सिंगल देणारा आणि फ्लोएबल देणारा असे दोन क्लास लिहायचे आणि दोघांचं वागणं तंतोतंत सारखं ठेवायचं: स्रोत रिकामा असला तर, एरर मध्येच आली तर, उत्तर तयार झाल्यावर मागणी आली तर, मागणीआधी कॅन्सल झालं तर. या टेस्ट दोन्हीकडून लिहायच्या. रांग-जोडणी त्याहून नाजूक. असिंक जोडणीत ऑन-नेक्स्टला मिळणारा नल म्हणजे 'रांगेत काहीतरी आलंय, येऊन घेऊन जा' असा निरोप असतो. एरवी त्या लायब्ररीत नल निषिद्ध. एवढं सगळं कंपनीच्या कोडमध्ये कशाला? तुमच्या ऑपरेटरला दोन स्वरूपं हवी असतील तर दोन वेगळ्या मेथड द्या, एक सिंगल देणारी आणि एक फ्लोएबल देणारी, आणि बोलावणाऱ्याला निवडू द्या. जे लायब्ररी आतून करते तेच तुम्ही उघडपणे कराल.

मोजल्याशिवाय यातलं काही करू नका. जेएमएच (जावा कोडचा वेग मोजायचं साधन) वापरत असालच. त्याचा जीसी (गार्बेज कलेक्शन) प्रोफाइलर लावा आणि दर ऑपरेशनला किती बाइट मागितले गेले तो आकडा बघा. इथे वेळेपेक्षा तो जास्त प्रामाणिक आहे, मशीनवर दुसरं काय चाललंय त्याने तो फारसा हलत नाही. जोडणी होतेय की नाही ते तपासायला हाइड हा ऑपरेटर मध्ये घाला. त्याचं कामच ओळख लपवणं, त्यामुळे जोडणी तुटते. हाइडसकट आणि हाइडविना दोन आकडे घ्या. फरक नगण्य असेल तर तुमच्या चेनमध्ये जोडणी आधीच कुठेतरी तुटलेली आहे. हाइड स्वतःही एक थर वाढवतो, तेवढं वजा धरा.

चेन फार लांब असेल तर जेव्हीएमचीही आवृत्ती बघा. हॉटस्पॉट (नेहमीची जेव्हीएम) किती खोलीपर्यंत मेथड एकमेकांत विरघळवतो, म्हणजे इनलाइन करतो, याची ठरलेली मर्यादा पूर्वी ९ होती, जेडीके १४ पासून ती १५ झाली. थरावर थर असलेल्या कोडला याचा फरक पडतो आणि त्यासाठी एक ओळही बदलावी लागत नाही. सीनियरला हे सांगा, आवडेल त्यांना.

शेवटची चाचणी मात्र खऱ्या डेटावर. एक्स्चेंजच्या शनिवारच्या मॉक सेशनवर विसंबू नका, तिथे ९:१५ ची झुंबड नसते. एखाद्या दिवसाचे ९:०० ते ९:३० चे टिक फाइलमध्ये नोंदवून ठेवा आणि तेच, त्याच वेळेच्या अंतराने, सर्व्हिसमध्ये सोडा. फ्लाइट रेकॉर्डर (जेव्हीएममध्ये काय चाललंय ते नोंदवणारं साधन) चालू ठेवून आधीचं आणि नंतरचं अ‍ॅलोकेशन बघा. विंडोतल्या काउंटचं नावही वरच्या यादीत दिसणार नाही.

रिअ‍ॅक्टर (अशीच दुसरी जावा लायब्ररी) वापरणाऱ्या सहकाऱ्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिथे दोनच टाइप आहेत, फ्लक्स (अनेक किंमती) आणि मोनो (फार तर एक), आणि मोनोचं फ्लक्स करून परत मोनो-फ्रॉमने मोनो केलं तर वेष्टण सोडून आतला मूळ मोनो परत मिळतो. आरएक्स जावा असं करत नाही. सिंगलला टू-फ्लोएबल आणि मग सिंगल-ऑर-एरर लावलं तर दोन्ही थर राहतात. रिअ‍ॅक्टरमध्ये जपायचं ते मोनो-फ्रॉम आणि मोनो-फ्रॉम-डायरेक्ट यांतल्या फरकाला: पहिला पहिली किंमत आल्यावर स्रोताला कॅन्सल करतो, दुसरा करत नाही.

सगळंच फ्लोएबल करून टाकू का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण रिव्ह्यूचा रोख तिकडे आहे. नको. फ्लोएबलला मागणीचा हिशोब सतत ठेवावा लागतो. लायब्ररीच्या स्वतःच्या मार्गदर्शनात हजारापर्यंतच्या गोष्टी आणि पडद्यावरचे क्लिक यांना ऑब्झर्व्हेबल, दहा हजारांच्या वरच्यांना फ्लोएबल अशी ढोबळ वाटणी आहे. टिक फ्लोएबल, लॉगिन सिंगल, ऑर्डर रद्द करणं कम्प्लीटेबल. रिपॉझिटरीच्या मेथडने एकच ओळ परत द्यायची असेल तर तिने मेबीच द्यावा. एक टू-फ्लोएबल वाचवायला तिचा परतीचा टाइप बदललात तर उद्या वाचणाऱ्याला कळणार नाही की तिथून किती येणार आहेत.

रिव्ह्यूला उत्तर लिहिताना बदल दोन वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये करा. पहिली फ्लॅटमॅपची, बाइटच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यासकट. कॅश मेमरीतलीच असेल तर मॅप-ऑप्शनल, नाहीतर हाताने लिहिलेल्या मर्यादेसह फ्लॅटमॅप-मेबी. दुसरी फेरीची, तिला निफ्टी ५०० च्या नोंदवलेल्या टिकवरची टेस्ट जोडा. दोन्ही एकाच दिवशी चढवू नका, आणि चढवाल ते साडेतीननंतर.